दांडीचा नमुना पाठ

१९८३ च्या जूनमध्ये बोईसरच्या वसाहतीतील दोन कुटुंबांनी आपल्या मुलांची नावे शाळेतून काढली. मुलांनी घरीच शिकावे आणि वेळ आली की दहावीची परीक्षा बाहेरून द्यावी, अशी योजना होती. वसाहतीत यावर दोन तर्क प्रचलित झाले. पहिला असा की मुलांना कसलासा संसर्गजन्य आजार आहे. दुसरा असा की तो मुलांना नसून आईवडिलांना आहे. दोन्ही निराधार होते, तरी दुसरा अधिक काळ टिकला.

विषयांची वाटणी सोपी गेली. नरहरी अभियंता होता. तापमापक आणि दाबमापक खरे बोलतात की नाही, हे तपासणे त्याचे रोजचे काम. साहजिकच गणित आणि विज्ञान त्याच्याकडे आले. शेजारच्या चंद्रकांताबाई लग्नापूर्वी पालघरला शिक्षिका होत्या. त्यांनी भाषा घेतल्या. त्यांचे पती कमलाकांत यांनी भूगोल घेतला, आणि नरहरीची पत्नी पुष्पलता हिने चित्रकला व शरीरशास्त्र. शिकणारे दोघेच होते: नरहरीची अकरा वर्षांची उल्का आणि चंद्रकांताबाईंचा तेवढ्याच वयाचा शिरीष. इतिहास मात्र दिवाळी उलटली तरी उरला, कारण तो नरहरी आणि चंद्रकांताबाई दोघांना हवा होता आणि दोघांना वेगवेगळा हवा होता.

"मुलांना आधी गोष्ट लागते," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "पाठ्यपुस्तकाचा क्रम ठेवू. शंका पुढे येतातच, त्या शिकवाव्या लागत नाहीत."

"गोष्ट एकदा पक्की बसली की शंका येत नाहीत," नरहरी म्हणाला. "मीटर आधी तपासायचा, मग वाचन घ्यायचं."

"इतिहास म्हणजे मीटर नव्हे."

"म्हणूनच तो जास्त तपासायला हवा."

नरहरीच्या मनात एक अभ्यासक्रम तयार होता. त्यात राजे नव्हते, सनावळ्या नव्हत्या. प्रत्येक विधानाला एकच प्रश्न विचारायचा: हे कशावरून? ज्याला उत्तर नाही ते शिकवायचे नाही. कमलाकांतांना दोन्ही बाजू पटत, आणि अशा माणसाला नेहमी सुचते तेच त्यांना सुचले. दोघांनी एकेक नमुना पाठ द्यावा, मग एका रविवारी बसून ठरवू.

चंद्रकांताबाईंनी तारापूरच्या किल्ल्याचा वेढा सांगितला. मुलांनी तो तोंड उघडे टाकून ऐकला आणि दुपारभर जिन्यात लढवला. त्यात कुलकर्ण्यांच्या खिडकीची एक काच कामी आली. मुलांनी एकही प्रश्न विचारला नाही, याची नरहरीने नोंद घेतली.

स्वतःच्या पाठासाठी त्याला छोटी, जवळची, हयात माणसांच्या आठवणीतली घटना हवी होती. ती त्याला स्वयंपाकघराच्या दाराशीच मिळाली. जवळच्या दांडी या कोळी गावाहून गोजराबाई वसाहतीत मासे घेऊन येई. पाटी उतरवली की बोलणे सुरू.

"वयनी, पोरांचं नाव शाळेतून काडलं म्हंतात. काय चोरी केली पोरांनी?"

"चोरी नाही हो. घरीच शिकवतो आम्ही."

"घरी तं आमी पन शिकवतो. आमच्या पोरांची कोन बातमी करत नाय," असे म्हणून ती स्वतःच हसे.

एरवी त्या वर्षी तिच्या बोलण्यात एकच विषय असे. तिच्या मुलीचे, जमनाचे, लग्न सातपाटीला ठरत होते. मुलगा चांगला, घरची होडी, सासू तापट पण मनाने वाईट नाही. जमनाचा बाप, देवू, जमना पाळण्यात असतानाच दर्यात गेला होता. शरीर मिळाले नाही. जमातीने दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला आणि गोजराबाईने कुंकू पुसले. बापाच्या जागी आता काका, म्हणजे देवूचा भाऊ दामू, उभा राहणार होता. हे सगळे पुष्पलतेने ऐकले होते आणि जेवताना सांगितले होते.

"हीच घटना घेऊ," नरहरी म्हणाला. "साक्षीदार हयात आहेत. मुलांनी गोजराबाईला आणि दामूला वेगवेगळं गाठायचं, तेच प्रश्न विचारायचे, उत्तरं ताडून पाहायची."

"तिचा नवरा म्हणजे तुमचा प्रयोग का?" पुष्पलतेने विचारले.

"प्रयोग नाही. नमुना."

हे उत्तर त्या वेळी त्याला समाधानकारक वाटले. गोजराबाईला त्याने रीतसर विचारलेही. ती क्षणभर पाटीवरचे फडके नीट करत राहिली, मग म्हणाली, "या की. पोरांना बोंबील खायला घालते." वसाहतीतील अर्ध्या घरांत तिची पाटी उतरत होती. तिला नाही म्हणण्याची सोय होती का, हा प्रश्न त्याच्या प्रश्नांत नव्हता.

रविवारी सकाळी नरहरी आणि दोन्ही मुले एस.टी.ने दांडीला उतरली. किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. गोजराबाईच्या ओट्यावर आधीच पाहुणे बसलेले होते. नवऱ्यामुलाचे मामा आणि मामी सातपाटीहून तारीख धरायला अचानक आले होते. शेजारच्या बायका कामाचे निमित्त काढून आसपास होत्या. जमना चहा देऊन आत गेली.

"सायेब, आज पाव्हणे हायत," गोजराबाई म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडून दिले.

"आम्हाला फार वेळ लागणार नाही," नरहरी म्हणाला.

उल्का गोजराबाईबरोबर चुलीपाशी बसली. शिरीषला त्याने होड्यांकडे दामूपाशी पाठवले. दामू जाळे सांधत होता.

"सायबांची शाळा घरातच म्हंजे मज्जा हाय," दामू शिरीषला म्हणाला. "पन मंग शाळा बुडवायची कशी रे? घर बुडवायचं?"

शिरीष हसला आणि प्रश्नांकडे वळला. कधी गेले? कोण सोबत होते? हवा कशी होती? होडीचे काय झाले? नरहरीने घोकून घेतलेले प्रश्न होते. त्यांत उत्तर सुचवणारा एकही शब्द नव्हता. दामू सुरुवातीला हसत सांगत होता. मग थांबत सांगू लागला. पण मुलगा नम्र होता, आणि नम्र मुलाला हाकलून देणे दामूला जमले नाही.

मुले परत आल्यावर नरहरीने त्यांना ओट्याच्या पायरीवर बसवले. पडताळणी लगेच, साक्षीदारांसमोर व्हावी, म्हणजे त्यांना दुरुस्तीची संधी मिळते, असा त्याचा नियम होता. नियम न्याय्य होता. कोणाला ती संधी हवी होती का, हे त्याने पाहिले नाही.

"गोजराबाई म्हणाल्या, संध्याकाळची वेळ होती," उल्काने सुरुवात केली. "एकदम वारा सुटला. होडी फुटली. चिंचणीच्या किनाऱ्याला नुसती एक फळी लागली."

"दामूकाका म्हणाले, सकाळ होती," शिरीष म्हणाला. "हवा चांगली होती. जाळं ओढताना पाय घसरला आणि ते पडले. होडी परत आली. अजून आहे. ती हिरवी. तीच दामूकाका वापरतात."

ओट्यावरच्या मामांनी हिरव्या होडीकडे पाहिले. मग कपाकडे पाहिले.

"फरक?" नरहरीने विचारले.

"वेळेचा. हवेचा. होडीचा."

"यांतला कोणता फरक विसरण्यामुळे पडू शकतो?"

"वेळ विसरता येते," उल्का विचार करत म्हणाली. "हवा पण. पण होडी बुडाली की परत आली, हे कोणी विसरणार नाही."

"मग निष्कर्ष?"

तिने डोळे बारीक केले. अवघड गणिताच्या शेवटच्या पायरीवर ती असेच करी, आणि ते पाहणे नरहरीला फार आवडे.

"म्हणजे दोघांनीही काही पाहिलेलं नाही. दोघांनी ते नंतर ठरवलं, पण एकमेकांना न विचारता ठरवलं. ते बुडाले याला पुरावाच नाही, बाबा."

"उत्तम," नरहरी म्हणाला.

तो शब्द उच्चारताना तो हसला होता. पुढे कितीही प्रयत्न केला तरी त्याला ते हसणे नाकारता आले नाही.

वलांडीपाशी बोंबील उलटणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. दामूची सुई जाळ्यात अर्धी अडकलेली होती. गोजराबाई चुलीकडे तोंड करून उभी होती आणि चुलीवर काहीही नव्हते. कोणी चकित झाले नव्हते. नरहरीच्या लक्षात आले ते हेच. नवी माहिती मिळाल्यावर माणसांच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते इथे एकाच्याही चेहऱ्यावर नव्हते. इतकी वर्षे कोणी विचारलेच नव्हते, म्हणून गोष्ट जुळवून ठेवण्याची कोणाला गरज पडली नव्हती. दोन साक्षींत विसंगती होती ती लबाडीमुळे नव्हे. सगळ्या गावाच्या सभ्यतेमुळे होती.

मामांनी भरलेला कप खाली ठेवला. "तारखेचं मागाहून कळवतो," ते दामूला म्हणाले. आवाजात राग नव्हता.

एस.टी.त उल्काने विचारले, "माझं बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं," नरहरी म्हणाला. ती चुकली असती तर बरे झाले असते, असे आयुष्यात प्रथमच त्याला वाटत होते.

शिरीषने घरी सगळे रंगवून सांगितले. संध्याकाळी कमलाकांत मुद्दाम आले. "अहो, मुलांनी शोध लावला की. माझं मत तुमच्या अभ्यासक्रमाला." चंद्रकांताबाई त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मुलांचं बरोबर होतं, यात मला शंका नाही. म्हणूनच विचारते, आता तुम्ही काय करणार?" पुष्पलता आत भांडी लावत होती आणि ती नेहमीपेक्षा जास्त वाजत होती.

त्या आठवड्यात गोजराबाई वसाहतीत आली नाही. बुधवारी दामू आला. बस म्हटल्यावर बसला नाही. दारातच उभा राहिला.

"तो येरावळला हाय," दामू म्हणाला. "गुजरातेत, वेरावळ. तिथं बायको हाय त्याला, दोन पोरं हायत. दांडीत कोनाला म्हाईत नाय असं समजू नका, सायेब. कुत्र्यांना पन म्हाईत हाय."

"मग तो अग्नी?"

"आमीच दिला. जमातीनं ठरवून दिला. नायतं वैनीला टाकलेली म्हनले असते. रांडमुंड बाईला लोक वाट देतात, टाकलेलीला देत नाय. आनि पोरीच्या लग्नात बापाच्या जागी मी कसा उभा रानार? बाप जिवंत असंल तं माजा हक काय?"

"सातपाटीच्या लोकांना हे ठाऊक होतं?"

"ठाव होतं. पन बोललं कोन नवतं. आता बोललं." दामूने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिले. "बोलल्यावर त्यांना इचारावंच लागतं. उद्या सांजच्याला जमात बसनार हाय. चिंतू पाटलानं सांगितलं, ज्यांनी काडलं त्यांनीच येऊन सांगावं."

"काय सांगावं?"

"ते तुमी शिकलेले. तुमी ठरवा."

गुरुवारी तो निघाला तेव्हा उल्का चपला घालून दारात उभी होती. "निष्कर्ष माझा होता," ती म्हणाली. तिला नको म्हणण्यासारखे योग्य कारण त्याला सापडले नाही. वाटेत त्याने मनाशी वाक्ये तयार केली. पुरावा नसणे म्हणजे घटना न घडणे नव्हे. साक्षी विसंगत असल्या तरी मूळ घटना खरी असू शकते. सगळी वाक्ये अचूक होती आणि त्यांतल्या एकातही खोटे नव्हते. त्याला थोडा धीर आला.

देवळाच्या मंडपात जमात बसली होती. चिंतू पाटील मधोमध. एका बाजूला सातपाटीचे मामा आणि आणखी दोघे. गोजराबाई खांबाला टेकून, पदर डोक्यावरून ओढून. जमना नव्हती.

"या सायेब," चिंतू पाटील म्हणाले. "तुमच्या शाळेचं नाव ऐकलं. आमची पोरं जातात त्या शाळेत एवडं शिकवत नाय." कोणीतरी हलकेच हसले आणि लगेच थांबले. "आता सांगा. देवू बुडाला, का नाय बुडाला?"

"मुलांनी जे विचारलं, त्यावरून निश्चित असं काही सांगता येत नाही," नरहरी म्हणाला. "फार वर्षं झाली. अशा वेळी साक्षींमध्ये फरक पडतो. फरक पडला म्हणून घटना घडली नाही, असं म्हणणं चूक ठरेल."

"म्हंजे?"

"म्हणजे बुडाला नाही, असं मला म्हणता येत नाही."

मामांनी मान हलवली. "पाटील, हे घेऊन मी घरी काय जाऊ? म्हातारी इचारल, काय म्हनला सायेब. मी काय सांगू, म्हनता येत नाय म्हनला?"

"तसं नाय चालत, सायेब," चिंतू पाटील शांतपणे म्हणाले. "बुडाला का नाय? एक शब्द."

नरहरीने सभोवार पाहिले. मामा त्याच्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या नजरेत संशय नव्हता; जवळजवळ विनंती होती. त्यांना सत्य नको होते, ते त्यांच्याजवळ होतेच. त्यांना घरी नेता येईल असे वाक्य हवे होते, आणि ज्याने ते मोडले त्याच्याकडूनच ते जोडून हवे होते. उल्का त्याच्या शेजारी ताठ बसली होती. तिच्या अकरा वर्षांत त्याने तिला जाणूनबुजून असत्य असे काही सांगितले नव्हते. दात नेणारा उंदीरही त्या घरात कधी आला नव्हता.

"बुडाला," तो म्हणाला.

एवढ्याने भागले असते. पण अपुरे विधान करण्याची त्याला सवय नव्हती. "मुलांची ऐकण्यात चूक झाली," तो पुढे म्हणाला. "प्रश्न मी लिहून दिले होते, ते चुकीचे होते. होडी वेगळी होती. मी नंतर चौकशी केली. तो बुडालाच."

मंडपात कोणाचा तरी श्वास सुटला. मामांनी मांडीवर हात आपटला आणि म्हणाले, "झालं तं मग. दामू, तारीख धर." चिंतू पाटलांनी सुपारी मागवली. बघता बघता सगळे एकदम बोलू लागले: वरातीच्या होड्या किती, जेवण कोणाच्या अंगणात, सातपाटीच्या बँडवाल्यांना पाजू नका नाहीतर वाजवत नाहीत. नरहरीकडे कोणी पाहिले नाही. त्याचे काम संपले होते.

तो गोजराबाईजवळ गेला. त्याने तयार केलेले काहीच आता उपयोगाचे नव्हते.

"गोजराबाई, मी—"

"सायेब," ती पदराआडून हळू म्हणाली, "दोनदा मारला त्याला. एकदा जमातीनं, एकदा तुमी. पोरीसाठी मारला, ठीक हाय. आता परत नका इचारू." मग तिने उल्काकडे पाहिले. "बाय, तू लय हुशार हायेस."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर नरहरीला तो सोपा गेला असता.

परतीच्या वाटेवर तो उल्काच्या प्रश्नाची वाट पाहत होता. बोईसरचे दिवे दिसू लागले, ते दोघे उतरले, जिना चढले, तरी प्रश्न आला नाही.

रविवारी कमलाकांतांच्या घरी बैठक झाली. कमलाकांतांनी पेढे आणले होते. "नरहरींचा अभ्यासक्रम नक्की," ते म्हणाले. "आता पुढचा पाठ कुठला?"

"मी माझा अभ्यासक्रम मागे घेतो," नरहरी म्हणाला. "पाठ्यपुस्तकाचा क्रम ठेवावा."

"का? इतका छान पाठ झाला."

नरहरीने तोंड उघडले. खरे कारण सांगायचे तर दांडीतली गोष्ट पुन्हा मोडावी लागणार होती. खोटे सांगायचे तर मुलीसमोर, आणि एकदा तो ते करून बसला होता. तिसरा पर्याय तो शोधत राहिला. पुष्पलतेने मान खाली घातली.

"आमचं चुकलं होतं, काका," उल्का म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. ती कमलाकांतांच्या डोळ्यांत पाहून, जराही न अडखळता बोलत होती. "शिरीषला वाटलं दामूकाका त्यांच्या भावाबद्दल सांगतायत. पण ते दुसऱ्याच एका माणसाबद्दल सांगत होते. तो पाण्यात पडला होता, पण वाचला. गोजराबाईंचे मिस्टर वेगळ्या होडीत होते. आम्ही गुरुवारी जाऊन विचारलं. म्हणून बाबांना तो पाठ नको आहे. त्यांना चुकीचं आवडत नाही ना."

"दामूकाका तर भावाबद्दलच—" शिरीष म्हणू लागला.

"तू नीट ऐकलं नाहीस," उल्का म्हणाली.

शिरीषने आठवण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू संशय उमटला. तो तिच्याबद्दल नव्हता, स्वतःबद्दल होता. "असेल," तो पुटपुटला.

कमलाकांत थोडे हिरमुसले. "असं होय." त्यांनी पेढे फिरवले. चंद्रकांताबाईंनी उल्काकडे बराच वेळ पाहिले, नरहरीकडे मात्र पाहिले नाही. त्यांनी पाठ्यपुस्तक उघडले आणि पहिला धडा कोणत्या वारी घ्यायचा याविषयी बोलू लागल्या. त्यांचा अभ्यासक्रम जिंकला होता. त्यांच्या आवाजात ते कुठेही नव्हते.

घरी येताना जिन्यात नरहरी थांबला. "तू तसं का सांगितलंस?"

उल्का दोन पायऱ्या वर होती. तिला या प्रश्नाचे नवल वाटलेले दिसले.

"तुमच्यानं बोलवत नव्हतं, म्हणून," ती म्हणाली, आणि वर गेली.